दौलत गुरुजी पहिलीच्या वर्गात बसले

दौलत गुरुजी पहिलीच्या वर्गात तरटपट्टीवर मांडी घालून बसले तेव्हा त्यांचं वय एकोणचाळीस होतं. पिळदार मिशा होत्या, घरी दोन लेकरं होती, नोकरीला चौदा वर्षं झाली होती. आणि बसले कुठं, तर ज्या शाळेत ते स्वतः मास्तर होते तिथंच. खोटं वाटत असेल तर इंद्रवेल्लीहून जंगलाकडं जाणारा रस्ता धरा, ओढा ओलांडा आणि हिवरखेड्याच्या शाळेमागं जाऊन बघा. सागाची दहा झाडं उभी आहेत. एका रांगेत आठ, आणि दुसऱ्या रांगेत दोनच. ती दुसरी रांग गुरुजींची. तिची गोष्ट कळली की बाकीचं आपोआप कळतं.

गुरुजी मूळचे बेल्याकडचे. बाप दुसऱ्याच्या शेतात सालानं राबायचा, माय चंद्रभागा पऱ्हाटीतला कापूस वेचायची. तेव्हा निजामाचं राज्य होतं. गावच्या शाळेत या लेकराला घेतलं खरं, पण बसवलं उंबऱ्याबाहेर, ओट्याच्या कडेला. चार वर्षं ते पोर तिथं मातीत बसून शिकलं. दारातून फळा अर्धाच दिसायचा, राहिलेला अर्धा कानांनी भरून काढायचा. पुढं दिवस पालटले, बस्तीनं बुद्धाची वाट धरली, पोरगा मॅट्रिक झाला, ट्रेनिंग करून मास्तर झाला. बस्तीतला पहिला मास्तर! सुट्टीत गावी गेला की म्हातारी माणसंसुद्धा बाजेवरून उठून जयभीम करायची. चंद्रभागेचं तर विचारूच नका. बाजारात वांगी घेताना ती वांगीवालीलाही सांगायची की माहा पोरगा गुरुजी हाय.

अशा माणसाला खुर्ची मिळाली की तो नुसता बसत नाही, ती खुर्ची अंगात मुरवून घेतो. गुरुजींचा सदरा कांजीचा, खिशाला पेन, हातात छत्री, मग आभाळात ढग असो नसो. शाळेत ते कधी खाली बसले नाहीत. स्नेहसंमेलनाच्या पंगतीतही त्यांना स्टूल लागायचं. लोक म्हणायचे, गुरुजींना ताठा आहे. होता, नाही कोण म्हणतं? पण ज्याला चार वर्षं मातीत बसवलं, त्यानं पुन्हा जमिनीला अंग लावायचं नाही असं ठरवलं तर त्याला हसू नये. गुरुजी जीव ओतून शिकवायचे, हेही इथंच सांगून ठेवलेलं बरं.

अडचण एकच होती. मुलूख आता आंध्रात होता, म्हणून नोकरीच्या ऑर्डरीत एक कलम होतं, की मास्तर मराठी वर्गाचा असला तरी त्यानं खात्याची तेलुगू परीक्षा पास करायची. मुदत वाढत वाढत चौदा वर्षं गेली. त्यात गुरुजींनी परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा गटांगळी खाल्ली. लेखी पेपर कसाबसा निघून जायचा. तोंडीला समोर माणूस बसला की मात्र दातखिळी.

आणि का नाही बसणार? गुरुजी तेलुगू शिकले होते चोरून. गाईड आणलं तर त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. उत्तरं पाठ केली ती घराची कडी लावून. चारचौघांत एक तेलुगू शब्द तोंडातून काढला नाही, कारण चुकला तर लोक हसतील आणि गुरुजीला हसतील म्हणजे काय! बाजारात गेले की हिंदी झाडायची. एकदा उटनूरच्या स्टॅण्डवर कुणाला विचारायचं नाही म्हणून बसची तेलुगू पाटी स्वतःच वाचत उभे राहिले. एकेक अक्षर जुळवेपर्यंत बस निघाली, घाईत हे दुसऱ्याच बसमध्ये चढले आणि थेट निर्मलला जाऊन उतरले. घरी आल्यावर सांगितलं की निर्मलला काम होतं. मनकर्णानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, काय काम होतं ते विचारलं नाही. ती शहाणी होती.

सत्त्याहत्तर सालच्या एप्रिलात कागद आला. तिसरी संधी, शेवटची, परीक्षा डिसेंबरात. नापास झाल्यास सेवा समाप्त. गुरुजींनी तो कागद चार घड्या घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवला आणि वर लग्नातला कोट ठेवला. मनकर्णाला सांगितलं नाही. भाकरीची चिंता होतीच, पण भाकरी मजुरी करूनही मिळते, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीनं. बेल्याच्या बाजारात माय आता वांगीवालीला काय सांगेल?

मनकर्णा चौथी शिकलेली, वनखात्याच्या नर्सरीत रोजानं जायची. ओढ्याच्या काठाला वाफे होते, तिथं सागाची रोपं वाढवत. बरोबरच्या बायका कुणी गोंड, कुणी तेलुगू, कुणी लंबाडी. मनकर्णा सगळ्यांशी बोलायची. तेलुगूत गोंडी घुसडायची, गोंडीत मराठी, अडलं तर हात हलवायची, आणि बाया पोट धरून हसल्या की सगळ्यात मोठ्यानं हीच हसायची. सागाची कोवळी पानं हाताळून तिचे तळवे लाल झालेले असत. गुरुजींना ते आवडायचं नाही. गुरुजीच्या बायकोनं नर्सरीत जावं हेच मुळी त्यांना आवडायचं नाही, पण तिच्यापुढं त्यांचं फारसं चालत नसे.

जून उजाडला. शाळेला सुट्टी, गुरुजी घरात गाईड मांडीवर घेऊन भिंतीकडं बघत बसलेले. मिरग लागून चार दिवस झाले होते, जमीन भिजली होती, नर्सरीत कामाची झुंबड उडाली होती. मनकर्णा म्हणाली, घरी बसून आढ्याची लाकडं मोजण्यापेक्षा माझ्याबरोबर चला, झाडाखाली बसून वाचा. काय मनात आलं कोण जाणे, गुरुजी छत्री घेऊन निघाले.

तिथं त्यांनी जे पाहिलं त्यानं त्यांचं डोकंच फिरलं. वर्षभर पाणी घालून वाढवलेली रोपं, कमरेला लागतील अशी, एकेक पान सुपाएवढं. बायका ती मुळासकट उपटून आणत होत्या आणि मनकर्णा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून कोयत्यानं सपासप तोडत होती. वरचं सगळं खोड उडवायचं, बोटाच्या पेराएवढं ठेवायचं. खालची मुळी वीतभर ठेवायची, बाकी छाटायची. हातात उरायचा एक अंगठ्याएवढा जाड, मातकट तुकडा. त्याला म्हणतात जडी. पन्नास जड्यांची जुडी बांधून ओल्या गोणपाटात गुंडाळायची, की चालली जंगलात लावायला. आणि बाजूला हिरव्यागार पानांचा हा ढीग पडलेला.

गुरुजींना राहवलं नाही. नर्सरीचा जमादार बाबाराव विडी ओढत उभा होता, त्याला त्यांनी तिथंच फैलावर घेतलं. वर्षभर लेकरासारखं वाढवायचं आणि मग मुंडकं उडवायचं, ही कुठली रीत? बाबाराव वीस वर्षं सागात मुरलेला माणूस. तो म्हणाला, पानासकट लावलं तर रोप जगत नाही, जडीच जगते. गुरुजी म्हणाले, हे शास्त्राला धरून नाही. झाड पानांनी अन्न तयार करतं, चौथीच्या पुस्तकात आहे. बाबारावानं चौथीचं पुस्तक पाहिलेलं नव्हतं. त्यानं विडी विझवली आणि म्हणाला, तुमाले पटत नसन तं लावून पाहा, रोपं मी देतो.

झालं. गुरुजींनी वाफ्यातून दहा रोपं स्वतः निवडली, सगळ्यात उंच, सगळ्यात भरघोस पानांची. मनकर्णानं दहा जड्या घेतल्या, त्याही न निवडता, जुडीतून हाताला आल्या त्या. संध्याकाळी शाळेमागच्या पडीक जागेत दोघांनी दोन रांगा लावल्या. गुरुजींनी खड्डे खणले, शेणखत घातलं, प्रत्येक रोपाला काठीचा आधार दिला. मनकर्णानं सब्बल, म्हणजे पहार, मारून भोक पाडायचं, त्यात जडी सोडायची, टाचेनं माती दाबायची, आणि पुढं. तिची रांग पाव तासात झाली. मग ती नवऱ्याची गंमत बघत ओट्यावर बसून राहिली.

पहिले आठ दिवस गुरुजींचेच होते. त्यांच्या रांगेत हिरवी पानं डुलत होती, तिच्या रांगेत काहीच दिसत नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बोलावून दाखवायचे. मग त्यांची पानं मलूल झाली. गुरुजींनी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पानं कडेनं करपली. गुरुजींनी वर पोत्याची सावली केली. पाऊस बरा पडत होता, माती ओली होती, तरी पानं एकेक करून गळायला लागली आणि खाली उभी राहिली ती नुसती वाळकी काठी. इकडं विसाव्या दिवशी मनकर्णाच्या एका जडीच्या डोक्यावर लालसर ठिपका दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. पोळ्यापर्यंत तिच्या आठ जड्यांना हातभर धुमारे आले होते. गुरुजींची सात रोपं मेली होती, आणि उरलेली तीन रुसल्यासारखी, ना जगत ना मरत.

बाबारावाला विचारायला जाणं गुरुजींच्या जिवावर आलं. जेवताना त्यांनी मनकर्णालाच विचारलं, असं काऊन झालं? तिनं साधं उत्तर दिलं. "वरची पानं पानी मागतात. खालची मुळी नव्या मातीत अजून पाय रोवून नाही राह्यली, थे कुठून देईन? दोघंबी मरतात. पानं गेली का मुळीले आपलं काम सुचते."

गुरुजींचा घास हातातच राहिला. मग ते उठले, हात धुतला, ट्रंक उघडली, लग्नातला कोट बाजूला केला आणि तो कागद आणून बायकोपुढं ठेवला. मनकर्णानं तो अक्षर लावून लावून वाचला. रडली नाही, रागावलीही नाही. पाच महिने काऊन लपवून ठेवलं, एवढंच विचारलं. गुरुजींनी त्या कागदाच्या घड्या पुन्हा घातल्या. तेव्हा ती म्हणाली, "तुमाले तेलुगू येऊ शकत नाही असं नाही. तुमाले गुरुजी राहून तेलुगू शिकाचं हाय. थे कसं जमन?"

यावर दोन दिवस अबोला. मनकर्णाला या अबोल्याची सवय होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी छत्री घेतली नाही, हे तिनं बरोबर पाहिलं.

शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत गुरुजींचे मराठीचे वर्ग, दुसऱ्या खोलीत तेलुगूची पहिली-दुसरी, मधे एक दार. तेलुगूच्या बाई सुगुणा, वय चोवीस, निर्मलकडच्या, गुरुजींना चळाचळा कापायच्या. गुरुजींनी त्यांना आपली अडचण सांगितली आणि पहिल्या तासाला वर्गात बसू द्याल का म्हणून विचारलं. बाई गडबडून गेल्या. त्या सरांना सार म्हणायच्या. म्हणाल्या, सार, मी तुमच्या घरी येऊन शिकवते. गुरुजी नको म्हणाले. घरी पुन्हा मी गुरुजी होईन आणि पुन्हा कडी लागेल, हे त्यांना आता कळलं होतं. मराठीच्या पोरांना पहिल्या तासाला शुद्धलेखन दिलं आणि ते निघाले.

पण सवय अशी सुटते होय? पहिल्या दिवशी गुरुजी आपली खुर्ची उचलून घेऊन गेले आणि मधल्या दाराशी मांडून बसले. पाटी मांडीवर, पेन खिशाला. पोरं फळ्याकडं बघेनात, गुरुजींकडंच बघत राहिली. त्यांनी एक अक्षर उलटं काढलं, ते बाईंनी पाहिलं आणि नजर वळवली. खुर्चीवरच्या माणसाची चूक कोण काढणार? दोन दिवस हे असंच. तिसऱ्या दिवशी गुरुजी आले ते रिकाम्या हातानं. तरटपट्टीवर दुसऱ्या ओळीत दोन मुलींच्या मधे एक जागा रिकामी होती. तिथं गेले, धोतर सावरलं आणि बसले. गुडघे कटकट वाजले. मग पोरं जी हसायला लागली म्हणता! बाई घाबरून छडी शोधायला लागल्या. गुरुजींना उठून जावंसं वाटलं, आणि डोळ्यांपुढं ती जडी आली, मातीतली, काही न दिसणारी. ते बसून राहिले.

खाली बसल्यावर सगळं सोपं झालं असं मी म्हणणार नाही. पहिला आठवडा वाईट गेला. पण खाली बसलेल्या माणसाची चूक कुणीही काढू शकतं, आणि पोरांना तर तो खेळच मिळाला. अम्मा म्हणजे आई, आवु म्हणजे गाय, इल्लु म्हणजे घर, ईग म्हणजे माशी. गुरुजी चुकले की शेजारची पोरगी त्यांच्या पाटीवर थुंकी लावून पुसायची आणि त्यांचं बोट धरून पुन्हा गिरवून घ्यायची. सहा वर्षांची पोर, नाकाला शेंबूड, आणि काय तो तोरा! गुरुजी तिला सार म्हणायला लागले तेव्हा वर्ग पुन्हा हसला, आणि या वेळी गुरुजीही हसले. त्या दिवसापासून शब्द जिभेवर टिकायला लागले. महिन्याभरात ते बाजारात वांग्यांचा भाव तेलुगूत विचारू लागले. चुकायचे, लोक हसायचे, भाव मात्र कळायचा.

आता अशी बातमी काय गावात राहते? बांगड्यावाल्याबरोबर ती बेल्याला पोचली, आणि पोचेपर्यंत चांगली फुगली. तुह्या पोराले सरकारनं पहिलीत टाकलं, असं कुणीतरी चंद्रभागेला सांगितलं. दसरा झाल्यावर एका सकाळी म्हातारी लग्नाकार्याचं लुगडं नेसून, दोन बस बदलून हिवरखेड्यात उतरली. घरी गेलीच नाही, तडक शाळेकडं वळली.

गुरुजी तेव्हा मोठ्यानं वाचत होते, अडखळत, आणि शेजारच्या पोरीनं त्यांचं बोट धरलेलं होतं. सहज वर पाहिलं तर खिडकीच्या गजांमागं मायचा चेहरा. ते अर्धवट उठले. म्हातारीनं हातानं बस म्हणून खूण केली. ते बसले, वाचायला लागले, पण काय वाचलं ते त्यांनाच माहीत नाही. म्हातारी तास संपेपर्यंत तिथं उभी होती. मग सुनेच्या हातची भाकरी खाल्ली, फार बोलली नाही, ती पोरगी कोणाची एवढं विचारलं, आणि कापूस वेचायला आला आहे म्हणून तीनच्या बसनं परत गेली. नेहमी चार दिवस राहणारी माय चार घंटेही थांबली नाही. गुरुजी बस जाईपर्यंत फाट्यावर उभे होते. मायला लाज वाटली, हे त्यांनी मनाशी धरलं ते धरलंच. मनकर्णा म्हणाली, गावी जाऊन विचारून या. त्यांचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात जाऊन बसले, हे मात्र खरं. जीव जड होता, तरी बसले.

डिसेंबरात आदिलाबादला परीक्षा झाली. तोंडीला एक म्हातारे साहेब होते, चष्मा कपाळावर. त्यांनी गुरुजींना सांगितलं की तुमच्या गावाकडचं काहीही सांगा. पूर्वीचे गुरुजी असते तर गाईडातला निबंध आठवत बसले असते. आताचे गुरुजी म्हणाले, मी टेकु सांगतो. टेकु म्हणजे साग. आणि त्यांनी जडीची सगळी हकीकत सांगितली. आकु म्हणजे पान ते आलं, वेरु म्हणजे मूळ तेही आलं, कोयत्याला शब्द आठवेना तेव्हा टेबलावर हात मारून दाखवला. दहा ठिकाणी चुकले, दहा ठिकाणी हसले आणि पुढं गेले. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं, त्या तीन झाडांचं काय झालं? गुरुजी म्हणाले, अजून उभी आहेत, हट्टी आहेत, माझ्यासारखी. हेही तेलुगूत म्हणाले.

फेब्रुवारीत निकाल आला. पास. गुरुजींनी कागद आधी सुगुणाबाईंना दाखवला, मग पहिलीच्या वर्गाला, आणि आपल्या सहा वर्षांच्या सारच्या हातावर पहिला पेढा ठेवला. नर्सरीत जाऊन बाबारावाच्या पायाला हात लावायला वाकले, तर तो मागं सरकला आणि त्याला ठसकाच लागला. मनकर्णाचे लाल तळवे त्यांनी त्या दिवशी दोन्ही हातांत धरले. तुह्या या हातानं माही नोकरी वाचली, म्हणाले. ती म्हणाली, हात सोडा, बाया पाहून राह्यल्या. पण हात तिनं सोडवून घेतला नाही.

झाडांचं सांगून टाकतो. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी गुरुजींनी कोयता मागून आणला आणि ती तीन हट्टी रोपं स्वतःच्या हातानं बुंध्याशी तोडली. घाव सरळ बसला. दोन फुटली, एक गेलं. तीच दोन आज दुसऱ्या रांगेत आहेत. गुरुजी निवृत्त होईपर्यंत रोज शाळेत आले की आधी झाडांकडं जायचे आणि प्रत्येकाला हात लावायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, यांचे माझ्यावर उपकार आहेत. पहिला तास ते पुढंही कैक वर्षं सुगुणाबाईंच्या वर्गात तरटपट्टीवर बसायचे, आणि मराठीची पोरंही बरोबर न्यायचे. त्यांची किती पोरं पुढं तेलुगू शाळेत टिकली, नोकरीला लागली. निरोपाच्या दिवशी गुरुजी तेलुगूत बोलले, भरपूर चुकले, आणि सगळ्यांचे आभार मानता मानता रडले.

राहिली माय. निकाल हातात आल्यावर पहिल्याच रविवारी गुरुजी पेढे घेऊन बेल्याला गेले. चंद्रभागा अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. त्यांनी पास झाल्याचं सांगितलं. ती चांगलं झालं म्हणाली, पेढा अर्धा तोंडात टाकला, अर्धा पदराला बांधला आणि पुन्हा सूप हातात घेतलं. गुरुजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. पूर्वी ते बाज ओढून घ्यायचे. मग त्यांनी विचारलं की माय, त्या दिवशी तू काही न बोलता निघून गेलीस. तुला माझी लाज वाटली का?

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. ती म्हणाली, "मी शेतात जाता जाता रोज थ्या शाळेवरून जात होती, बाबू. चार वर्स. तू उंबऱ्याबाहेर बसून राह्य. मले थांबता येत नवतं, थांबली अस्ती तं रडली अस्ती. तुले शाळेत बसल्यालं मी कदी नीट पाह्यलंच नाही." मग तिनं त्यांच्या मांडीवर हात ठेवला. "थ्या दिशी पाह्यलं. तू मधात बसला होता. दोन्हीकडून पोरं होती."

गुरुजींनी सूप आपल्याकडं ओढलं आणि राहिलेली ज्वारी पाखडायला घेतली. त्यांना ते नीट येत नव्हतं, अर्धी ज्वारी बाहेर पडत होती. चंद्रभागा म्हणाली, असं नाही, आणि त्यांचे हात धरून दाखवायला लागली.